‘रिझर्व्ह’ : शब्द एक, व्यवहार अनेक

इंग्रजी न शिकलेल्या किनवटच्या माणसासही ‘रिझर्व्ह’ हा शब्द ठाऊक असतो. आगगाडीतील जागा रिझर्व्ह, गावाभोवतीचे सागाचे जंगल रिझर्व्ह, निवडणुकीतील जागा रिझर्व्ह. आणि खिशातल्या नोटेवर १९३५ साली स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेचे नाव. इंग्रज तर मितभाषी माणसासही हेच विशेषण लावतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मागे राखून ठेवणे’ एवढाच. परंतु राखणारा कोण, कोणासाठी आणि कोणापासून, हे तो शब्द सांगत नाही. ते इतिहासास विचारावे लागते.

प्रथम जंगल घेऊ. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या कायद्याने वनांचे वर्ग पाडले. संरक्षित वनात जे मना केलेले नाही ते करता येई; राखीव वनात ज्यास परवानगी नाही ते सारेच मना. १९२७ च्या कायद्यात हक्क सांगण्यास निदान तीन महिन्यांची मुदत ठेविली. मुदतीत न सांगितलेला हक्क साधारणतः बुडे. ज्यास लिहिता येत नाही, त्याने तो सांगावा कसा?

किनवट तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ साली ते नांदेडात आले. संस्थानचा कायदा निराळा, पण जंगल राखण्याची रीत तीच. त्या जिल्ह्यात गोंड-कोलामांची जुनी शेते राखीव हद्दीत सापडली. १९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी ह्या असंतोषाचा शोध घेतला, तेव्हा त्याच्या मुळाशी जमीन व जंगल हेच प्रश्न आढळले. येथे ‘राखीव’ म्हणजे वहिवाटदारापासून राखलेले.

आता दुसरा अर्थ पाहू. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९३२ च्या पुणे करारात दलित वर्गांसाठी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा ठरल्या. पुढे राज्यघटनेने अनुसूचित जमातींसाठीही लोकसभेत व विधानसभांत जागा राखल्या. येथे ‘राखीव’ म्हणजे आजवर बाहेर ठेविलेल्यासाठी राखलेले.

म्हणजे एकाच गोंड कुटुंबास एका ‘राखीव’ने रानाबाहेर काढले, आणि दुसऱ्याने सभागृहाचे दार उघडले. आपल्या मराठीने हा भेद थोडाफार ओळखला आहे. बँकेच्या राखीव पैशास आपण गंगाजळी म्हणतो, जागांच्या तरतुदीस आरक्षण म्हणतो; जंगल तेवढे ‘राखीव’च राहिले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने त्या जुन्या अर्थास मुरड घातली. आता दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, आणि लेखी पुराव्याबरोबर वडीलधाऱ्यांच्या जबानीसही स्थान आहे. हक्क सांगण्यासाठी गावच्या माणसाने कचेरीचा उंबरठा झिजवावा, ही जुनी रीत. गावानेच एकत्र बसून तो ऐकावा, ही नवी. ती खरोखर अंमलात येते की नाही, हे पाहणे आपणां किनवटकरांचे काम आहे. कोणी ‘हे राखीव आहे’ म्हणाला, की ‘कोणासाठी?’ एवढे आपण अवश्य विचारावे.