बाझेल-म्युलूझ विमानतळ आणि सीमेवरील रहिवाशाची मोटार

र्‍हाईन नदी जेथे पश्चिमेचा मार्ग सोडून उत्तरेकडे वळते, तेथे स्वित्झर्लंडमधील बाझेल हे शहर वसलेले आहे. फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या सीमा या शहराच्या वेशीशी येऊन मिळतात. या शहराचा विमानतळ मात्र स्वित्झर्लंडमध्ये नाही. तो संपूर्णपणे फ्रान्सच्या आल्सास प्रांतात आहे. म्युलूझ हे फ्रेंच शहर आणि फ्रायबुर्ग हे जर्मन शहर हीही त्याला आपलाच मानतात. विमानवाहतुकीच्या संकेतावलीत या एकाच स्थळाला बी.एस.एल., एम.एल.एच. आणि ई.ए.पी. अशी तीन नावे आहेत. एका धावपट्टीला तीन नावे का पडली, हा प्रश्न मनोरंजक आहे. परंतु या विमानतळाच्या परिसरात राहणाऱ्या मनुष्याने कोणाची मोटार कोठपर्यंत चालवावी, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होय. सीमा या कल्पनेत गेल्या शतकात जो पालट झाला, तो या दुसऱ्या प्रश्नात अधिक स्पष्ट दिसतो.

बाझेलचा पहिला विमानतळ शहराला लागून असलेल्या बिर्सफेल्डेन येथे होता. तेथील जागा अपुरी पडू लागल्यावर १९३० नंतरच्या दशकात फ्रान्सशी बोलणी सुरू झाली. महायुद्धाने ती थांबविली. युद्ध संपताच त्यांना पुन्हा चालना मिळाली. ८ मार्च १९४६ रोजी काम सुरू झाले आणि बरोबर दोन महिन्यांनी, ८ मे १९४६ रोजी, तात्पुरता विमानतळ वाहतुकीस खुला झाला. कायद्याची व्यवस्था मागाहून आली. ४ जुलै १९४९ रोजी बेर्न येथे दोन्ही राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या.

या कराराची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. जमीन फ्रान्सने द्यावी आणि बांधकामाचा खर्च स्वित्झर्लंडने सोसावा, असे ठरले. कारभार उभय पक्षांच्या समसमान सभासदांच्या मंडळाकडे सोपविण्यात आला. भूमीवरील सार्वभौमत्व फ्रान्सचेच राहिले. परंतु इमारतीचे तीन विभाग कल्पिण्यात आले: एक स्विस अधिकाऱ्यांचा, एक फ्रेंच अधिकाऱ्यांचा आणि एक सामाईक. स्विस विभागापासून बाझेलपर्यंत एक जकातरस्ता बांधण्यात आला. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कुंपण आहे. त्यावरून जाणारी मोटार फ्रान्सच्या भूमीवरून धावते, पण मध्येच फ्रान्समध्ये उतरू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती जणू स्वित्झर्लंडमधून बाहेर पडलेलीच नसते.

वाहनतळांची विभागणी यातूनच झाली. बाझेलकडून जकातरस्त्याने येणारी मोटार स्विस बाजूस उभी राहते. आल्सासमधील महामार्गाने येणारी फ्रेंच बाजूस. मनुष्याला इमारतीच्या आत एका बाजूकडून दुसरीकडे पायी जाता येते. मोटारीला येत नाही. भाड्याच्या मोटारींचेही दोन बाजूंस दोन निरनिराळे ताफे आहेत. एकाच छपराखाली उतरलेल्या दोन प्रवाशांनी दोन दारे निवडली की ते दोन राज्यव्यवस्थांत प्रवेश करतात.

येथवरची सीमा डोळ्यांनी दिसते. कुंपण, भिंत व चौकी ही तिची अंगे होत. मोटारीच्या बाबतीत मात्र आणखी एक सीमा आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तिचा उगम समजण्यासाठी रस्त्यावरील वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारांकडे वळले पाहिजे. १९०९ च्या पॅरिस कराराने परदेशी जाणाऱ्या मोटारीवर तिच्या देशाचे अक्षर दाखविणारी अंडाकृती पाटी लावण्याची पद्धत घालून दिली. बाझेलचा करार झाला त्याच वर्षी, १९ सप्टेंबर १९४९ रोजी, जिनिव्हा येथे रस्तावाहतुकीचा व्यापक करार झाला. ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे खाजगी मोटारींच्या तात्पुरत्या आयातीविषयी स्वतंत्र करार झाला. पाहुण्याच्या मोटारीवर आयातजकात घेऊ नये, हे त्याचे मूलतत्त्व होते. पाहुणा कोण, हे ठरविण्यासाठी त्याने नागरिकत्वाची कसोटी न लावता नित्यनिवासाची लावली. ज्याचे नित्य वास्तव्य देशाबाहेर आहे, त्याला सवलत. ज्याचे देशात आहे, त्याला नाही. १९९० च्या इस्तंबूल करारानेही हेच तत्त्व पुढे चालविले.

दूरच्या प्रवाशाला हा नियम उपकारक ठरला, सीमेवरील शेजाऱ्याला तितकाच जाचक. १ जुलै १९६८ रोजी युरोपीय आर्थिक समुदायाचा जकातसंघ पूर्ण झाला आणि फ्रान्सची जकातसीमा ही साऱ्या समुदायाची सीमा झाली. स्वित्झर्लंड या संघाबाहेर राहिले. परिणामी, आल्सासमध्ये राहणाऱ्या व्यक्तीने स्विस नोंदणीची, कर न भरलेली मोटार फ्रान्समध्ये चालविल्यास ती बेकायदा आयात ठरू शकते. युरोपीय संघात मोटारीवरील सर्वसाधारण आयातजकात १० टक्के आहे. फ्रान्समधील २० टक्के मूल्यवर्धित कर त्याहून वेगळा. स्विस रहिवाशालाही परकी मोटार आपल्या देशात स्वतःच्या उपयोगासाठी चालविण्यास सामान्यतः मनाई आहे. अपवादांना परवानगी लागते. १ जानेवारी २०२४ पासून स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरील जकात रद्द केली, तरी मूल्यवर्धित कर आणि मोटारकर उरलेच.

एक उदाहरण घेऊ. भाऊ बाझेलमध्ये राहतो आणि बहीण चार-पाच किलोमीटरवरील सँ-लुई या फ्रेंच गावी. भाऊ आपली स्विस मोटार घेऊन बहिणीकडे येतो आणि तिने ती चालवून आपणास विमानतळाच्या फ्रेंच बाजूस पोहोचवावे, असे सांगतो. संघाच्या नियमांत यास वाव आहे: मोटारीचा नोंदणीधारक संघाच्या जकातक्षेत्रात हजर असेल, तर त्याच्या सांगण्यावरून तेथील रहिवाशाने प्रसंगविशेषी ती चालविण्यास हरकत नाही. पण भावाचे विमान इस्तंबूलकडे निघून गेले की तो त्या क्षेत्रात उरत नाही. बहिणीने ती मोटार घरी परत नेणे मग या सवलतीत बसत नाही. रस्ता तोच, मोटार तीच, चालविणारी तीच. पालटले ते केवळ मालकाचे ठिकाण. त्याच वाहनतळावरून इस्तंबूलचा एखादा प्रवासी स्विस मोटार घेऊन सुखाने पॅरिसला जाऊ शकतो.

नोकरदारांची स्थिती याहून निराळी नाही. आल्साससारख्या सीमाभागातून हजारो माणसे रोज बाझेलला कामास जातात. स्विस मालकाने दिलेली मोटार त्यांना कितपत वापरता यावी, यावर १ मे २०१५ पासून संघाने कडक मर्यादा घातली. घर ते कामाचे ठिकाण हा प्रवास आणि नोकरीच्या करारात नमूद केलेली कामे, एवढ्यापुरतीच मोकळीक राहिली. मुलांना त्या मोटारीतून शाळेत सोडणे या मोकळिकीत येत नाही.

या मधल्या काळात माणसांची सीमा जवळजवळ पुसली गेली, हे विशेष होय. १२ डिसेंबर २००८ पासून स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेत सामील झाले; विमानतळांवर ती व्यवस्था २९ मार्च २००९ पासून लागू झाली. पारपत्राची नित्याची तपासणी थांबली, जकातीची राहिली. पूर्वी मनुष्य अडे आणि त्याच्याबरोबर वस्तू अडत असे. आता मनुष्य मोकळा आहे आणि वस्तू अडलेली आहे.

भाषेच्या अंगानेही येथे विचार करता येतो. बाझेल, दक्षिण आल्सास आणि लगतचा जर्मन प्रदेश यांत अलेमानी बोलीचीच रूपे परंपरेने बोलली जात आली. बोलीने ही सीमा कधीच मानली नाही. उलट मोटारीवरील 'सी.एच.' ही स्विस अक्षरे लॅटिनमधील आहेत, म्हणजे त्या देशाच्या चार राष्ट्रभाषांपैकी एकीचीही नव्हेत. मराठीत सीमेला वेस, शीव, सरहद्द असे अनेक शब्द आहेत. मुंबई बेट आणि साष्टी यांमधील हद्दीवरचे गाव शीव याच नावाने ओळखले गेले. हे सर्व शब्द जमिनीवरील एखादे स्थळ दाखवितात. रहिवाशाच्या पाठोपाठ चालणाऱ्या आणि त्याच्या मोटारीत बसून येणाऱ्या सीमेसाठी आपल्याकडे शब्द नाही, कारण ती कल्पनाच अलीकडची आहे.

१९४९ सालच्या दोन करारांचे यश निर्विवाद आहे. एकाने दोन राष्ट्रांचा एक विमानतळ उभा केला. दुसऱ्याने परक्या मोटारीला रस्ता मोकळा करून दिला. परंतु पहिल्याची दृष्टी राज्यांवर होती आणि दुसऱ्याची प्रवाशांवर. सीमेच्या दोन्ही अंगांस ज्याचे घर, नोकरी आणि नातेवाईक विभागले गेले आहेत, तो रहिवासी या दोन्ही वर्गांत नीटसा बसत नाही. प्रवासी म्हणावे तर तो शेजारी आहे आणि स्थानिक म्हणावे तर मोटार परकी आहे. त्याच्यासाठी आजवर जे झाले, ते अपवादांच्या रूपानेच झाले. सीमाप्रदेशातील नित्य जीवन हाच नियमाचा विषय मानला जात नाही, तोवर त्या बहिणीला विमानतळावरून घरी परतण्यासाठी दुसरे वाहन शोधावे लागेल.