माराकायबोच्या कांठचें ऋण

व्हेनेझुएलांतील माराकायबो सरोवराच्या कांठीं कोळ्यांचीं गरीब गांवें आहेत. तेथील कित्येक घराण्यांत हंटिंग्टनचा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अंगास अनावर झटके येतात, बुद्धि हळूहळू ढासळते. मातापित्यांपैकीं एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा. १८७२ सालीं जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरानें त्याचें वर्णन केलें. कारण मात्र अज्ञात राहिलें.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी वेक्सलर यांच्या आईस हाच रोग असल्याचें १९६८ सालीं कळलें. स्वतःवर तेंच संकट असतां वेक्सलरबाई १९७९ पासून या गांवीं जाऊं लागल्या. आपल्या घरची कथा सांगून त्यांनीं लोकांचा विश्वास मिळविला. हजारोंचें रक्त व वंशावळी जमविल्या. प्रामुख्यानें त्यांच्याच आधारें १९८३ सालीं रोगाचें मूळ चौथ्या गुणसूत्रावर असल्याचें ठरलें आणि १९९३ सालीं तें जनुक सांपडलें.

पुढें बाईंनाही तोच रोग झाला. २०२० सालीं त्यांनीं तें उघडपणें सांगितलें. रोग समूळ बरा करणारा उपाय अद्यापि नाहीं. शोधाची कीर्ति प्रयोगशाळांस लाभली. तिचा पाया मात्र कोळ्यांनीं दिलेल्या रक्ताचा आहे. तें ऋण फेडणें पुढील संशोधकांकडे उरलें आहे.