तबकडीचा संग्रह आणि चित्रपटांचें आयुष्य

औरंगाबादेहून जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मुकुंदवाडी हें एके काळीं लहानसें खेडें होतें. गोदावरीच्या खोऱ्यांतून मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग 1900 सालीं सुरू झाला, तो ह्याच शिवारांतून गेला. पुढें शेजारीं चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, सिडकोनें नवें नगर वसविलें, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून कामधंद्यासाठीं आलेलीं कुटुंबें येथें स्थिरावलीं. शहराचें नांव आतां छत्रपती संभाजीनगर झालें आहे, आणि मुकुंदवाडी त्याचा एक गजबजलेला भाग बनली आहे.

अशा वस्तींतील घरांचीं कपाटें आवरावयास काढलीं, म्हणजे लग्नांतील भांडीं, मुलांचीं जुनीं पाठ्यपुस्तकें आणि बंद पडलेलीं घड्याळें ह्यांच्या जोडीला आणखी एक वस्तु हातीं लागते. ती म्हणजे डीव्हीडीच्या तबकड्यांचा गठ्ठा. ज्या यंत्रावर त्या खेळवावयाच्या तें यंत्र बहुधा बिघडलेलें असतें, आणि गठ्ठा भंगारवाल्याच्या पोत्यांत जातो. भंगारवाला तो वजनावर घेतो. त्याच्या तराजूंत सर्व तबकड्या सारख्याच. परंतु त्यांपैकीं एखादी अशी असूं शकते कीं तिची दुसरी प्रत आतां बाजारांत मिळावयाची नाहीं. कोणती तबकडी तशी आहे हें ओळखणें आणि तिला पोत्यांत जाऊं न देणें, हेंच संग्राहकाचें काम होय. हें काम वरवर पाहतां छंदाचें दिसतें. पण भारतीय चित्रपटाचा इतिहास डोळ्यांपुढें ठेवला तर तें छंदाहून कांहीं अधिक आहे असें वाटूं लागतें.

हा इतिहास मोठ्या प्रमाणांत हानीचाच इतिहास आहे. दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. चार रिळांच्या त्या चित्रपटाचीं आज दोनच रिळें उपलब्ध आहेत, आणि तींही 1917 सालच्या दुसऱ्या आवृत्तीचीं असावींत असा कांहीं अभ्यासकांचा तर्क आहे. 1931 सालचा ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज अस्तित्वांत नाहीं. मूकपटांच्या काळांत ह्या देशांत हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतील पूर्ण स्वरूपांत उरलेले बोटांवर मोजण्याइतकेच. हे चित्रपट कोणीं द्वेषानें नष्ट केले नाहींत. चित्रपट एकदां चित्रगृहांतून उतरला कीं निर्मात्याच्या लेखीं त्याची किंमत संपत असे. त्या फिल्मेंत थोडी चांदी असे, तेवढी मात्र शिल्लक राही. म्हणून जुनीं रिळें चांदी काढण्यासाठीं विकलीं गेलीं. त्या वेळचा भंगारवालाही वजनावरच घेत होता.

ही हानि थोपविण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुण्यास झाला. 1964 सालीं तेथें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि पुढच्याच वर्षीं पी. के. नायर हे तेथें रुजू झाले. 1991 सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांनीं हजारों चित्रपट गोळा केले. फाळके ह्यांचा 1919 सालचा ‘कालिया मर्दन’ आज पाहावयास मिळतो तो त्यांनीं विखुरलेले तुकडे मिळवून पुन्हां जुळविला म्हणून. प्रत गुदामांत आली म्हणजे ती सुरक्षित झाली असें मात्र नाहीं. जुनी फिल्म नायट्रेटची असते. ती वयानें सडते आणि सहज पेटते. 2003 सालीं पुण्यांतील जुन्या प्रभात चित्रनगरीच्या आवारांत, जेथें अशी फिल्म ठेवलेली होती तेथें, आग लागली आणि मूळ नायट्रेटवरील अनेक चित्रपट भस्मसात झाले. एकाच ठिकाणीं ठेवलेला ठेवा एका दिवसांत जाऊं शकतो, हा त्या आगीचा धडा होय.

आतां दुसऱ्या बाजूस पाहावें. चित्रपट घरांत ठेवण्याची सोय सामान्य माणसाला फार उशिरां मिळाली. व्हीएचएसची फीत 1976 सालीं जपानांत निघाली, आणि भारतांत 1982 सालीं रंगीत दूरचित्रवाणी आल्यानंतर तिचा प्रसार झाला. गल्लोगल्लीं व्हिडिओ भाड्यानें मिळूं लागले. फीत मात्र प्रत्येक वेळीं यंत्रांत घासली जाते व हळूहळू झिजते. 1993 सालीं व्हीसीडी आली. तिच्यांत सुमारें तासा-सव्वा तासाचें चित्र मावे, म्हणून एका हिंदी चित्रपटास दोन-तीन तबकड्या लागत. शेवटीं 1996 च्या नोव्हेंबरांत जपानमध्यें डीव्हीडी विक्रीस आली. 12 सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी 0.6 मिलिमीटर जाडीच्या दोन पातळ चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली असते. आंत धातूचा चकचकीत थर असतो, आणि त्यावरील सूक्ष्म खांचा लाल लेझरच्या किरणानें वाचल्या जातात. किरणाखेरीज तिला कशाचाच स्पर्श होत नसल्यामुळें ती खेळविल्यानें झिजत नाहीं. एका थरांत 4.7 गिगाबाइट मजकूर मावतो, म्हणजे अख्खा चित्रपट, त्याचीं उपशीर्षकें, आणि जागा उरल्यास दिग्दर्शकाची मुलाखतही. चित्रपट पुस्तकासारखा फळीवर ठेवतां यावा ही इच्छा तिनें प्रथमच पुरी केली.

ह्या कथेंत औरंगाबादचाही वांटा आहे. शहराजवळ पैठण रस्त्यावर चितेगांव येथें व्हिडिओकॉनचा कारखाना होता. मराठवाड्यांतील एका उद्योगाचें नांव घरोघरच्या रंगीत संचांवर झळकलें तें ह्या कारखान्यामुळें, आणि पुढें त्याच नांवाचीं डीव्हीडी खेळविणारीं यंत्रेंही बाजारांत आलीं. तबकडी स्वस्त करण्याचें श्रेय दुसऱ्या एका भारतीय कंपनीस द्यावें लागतें. रिकाम्या तबकड्या बनविणारी मोझर बेअर ही जगांतील मोठ्या कंपन्यांपैकीं एक होती. 2007 च्या सुमारास ती चित्रपटांच्या धंद्यांत उतरली, आणि तिनें व्हीसीडी 28 रुपयांस व डीव्हीडी 34 रुपयांस विकण्यास सुरुवात केली. चोरट्या प्रतीच्या भावांत अस्सल प्रत मिळूं लागली. मुकुंदवाडीसारख्या वस्तींतील कपाटांत तबकड्यांचे गठ्ठे सांठले ते बहुतांशीं ह्याच काळांत.

हा बहर फार वर्षें टिकला नाहीं. मोबाइलवर आणि घरच्या संचावर चित्रपट थेट येऊं लागले, तशी दुकानांतील तबकडी मागें पडली. 2018 सालीं मोझर बेअरच्या विसर्जनाचा आदेश निघाला, आणि त्याच वर्षीं व्हिडिओकॉनचें प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायाधिकरणापुढें गेलें. तबकडी स्वस्त करणारी संस्था आणि ती खेळविणाऱ्या यंत्राचें नांव ह्यांच्यावर एकाच वर्षीं गंडांतर यावें, हा योगायोग लक्षांत राहण्याजोगा आहे. परदेशांतही तेंच घडलें. टपालानें डीव्हीडी पाठविण्याच्या धंद्यांतून मोठ्या झालेल्या नेटफ्लिक्सनें 2023 च्या सप्टेंबरांत तो धंदा बंद केला.

लाखोंनीं छापलेली वस्तु दुर्मिळ कशी होते, असा प्रश्न येथें साहजिकच उद्भवतो. त्याचें उत्तर तबकडीच्या अर्थकारणांत आहे. प्रकाशक चित्रपटाचे हक्क ठराविक वर्षांसाठीं घेतो. मुदत संपली कीं नव्या प्रती काढतां येत नाहींत. कधीं प्रकाशन संस्थाच बुडते आणि तिच्या हक्कांचें काय झालें हें सांगणारा कोणी उरत नाहीं. कधीं मुद्दाम मोजक्याच क्रमांकित प्रती काढल्या जातात. अमेरिकेंत 1984 पासून काम करणाऱ्या क्रायटेरियन ह्या संस्थेनें चित्रपटाबरोबर जाणकारांचें भाष्य आणि पूरक चित्रण देण्याची प्रथा रूढ केली; तिच्या ज्या आवृत्त्या हक्क संपल्यामुळें बंद झाल्या, त्यांना जुन्या बाजारांत मूळ किंमतीच्या कितीतरी पट भाव आला. शिवाय डीव्हीडीवर प्रदेशाचा अंक असतो. भारताचा प्रदेश पांचवा, अमेरिकेचा पहिला. तेव्हां तिकडची तबकडी येथल्या साध्या यंत्रावर चालत नाहीं. सर्व प्रदेशांच्या तबकड्या चालविणारें यंत्र मिळविणें ही म्हणूनच संग्राहकाची पहिली खटपट असते.

दुर्मिळ प्रतीचें खरें मोल मात्र भावांत नसून आंत काय आहे त्यांत असतें. ह्याचें सर्वपरिचित उदाहरण ‘शोले’ हें होय. आणीबाणीच्या काळांत, 1975 सालीं, परीक्षण मंडळाच्या आग्रहामुळें त्याचा शेवट बदलावा लागला. मूळ शेवटांत ठाकूर गब्बरसिंगास ठार करतो. चित्रगृहांत मात्र पोलीस येऊन त्याला थांबवितात. पंधरा वर्षेंपर्यंत लोकांस हाच बदललेला शेवट ठाऊक होता. मूळ शेवट 1990 सालीं ब्रिटनमध्यें निघालेल्या व्हिडिओ फितीवर प्रथम दिसला, आणि नंतर डीव्हीडीच्या 204 मिनिटांच्या आवृत्तींत आला. त्याच चित्रपटाची दुसरी डीव्हीडी 198 मिनिटांची आहे. दोन्ही तबकड्यांचें नांव एकच, पण त्या सांगतात त्या कथा निराळ्या. पुढें फिल्म हेरिटेज फाउंडेशननें ह्या चित्रपटाचा जीर्णोद्धार करून मूळ शेवटासह तो 2025 च्या जूनमध्यें इटलींतील बोलोन्या येथें दाखविला. मधल्या पस्तीस वर्षांत तो शेवट रसिकांपर्यंत पोंचविण्याचें काम घरगुती फितींनीं व तबकड्यांनीं केलें.

आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. 1957 च्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरील स्वामित्व त्याच्या प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षें टिकतें. त्यानंतर तो सर्वांचा होतो. त्यामुळें प्रभातच्या वैभवकाळांतील चित्रपट, व्हेनिसच्या महोत्सवांत 1937 सालीं गौरविलेला ‘संत तुकाराम’ धरून, आज कायद्याच्या बंधनांतून मोकळे आहेत. हें स्वातंत्र्य उपयोगाचें होतें तें प्रत हातीं असेल तरच. ज्या चित्रपटाची प्रतच उरली नाहीं, त्यावर कोणाचा हक्क नाहीं ह्याला कांहींच अर्थ उरत नाहीं. आज स्वस्तांत निघालेला एखादा मराठी चित्रपट किंवा चित्रित केलेलें नाटक आणखी साठ वर्षांनीं कायद्यानें मोकळें होईल, तेव्हां त्याची चांगली प्रत कोणाच्या तरी कपाटांत असावी लागेल.

तबकडी अमर आहे असा समज मात्र करून घेऊं नये. दोन चकत्यांमधील चिकटद्रव्य कमी पडलें, कीं हवा व ओल आंत शिरते, धातूचा थर काळवंडतो आणि चित्र अडखळूं लागतें. कारखान्यांत ठसा उमटवून काढलेली तबकडी खालून चंदेरी दिसते आणि बरीच टिकाऊ असते. घरीं भरलेली तबकडी जांभळट दिसते, कारण तींत सेंद्रिय रंगाचा थर असतो व तो उन्हानें लवकर विटतो. म्हणून लग्नाच्या किंवा घरगुती चित्रणाच्या तबकड्यांची नक्कल आधीं करून ठेवणें इष्ट. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तबकड्या पत्र्याखालीं किंवा खिडकीशीं ठेवूं नयेत. त्या डबींत, उभ्या, कोरड्या व थंड जागीं ठेवाव्यात. हाताळतांना कड धरावी, आणि पुसतांना मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे पुसावें, गोल फिरवूं नये. यंत्र चालूं स्थितींत राखणें हेंही तितकेंच आवश्यक आहे. यंत्रावांचून तबकडी म्हणजे नुसता आरसा.

संग्राहकांत दोन प्रकार आढळतात. एक जण सीलबंद डबी तशीच ठेवतो व भाव चढण्याची वाट पाहतो. दुसरा ती उघडतो, पाहतो, इतरांस दाखवितो, आणि तीवर काय आहे ह्याची टांचणें करून ठेवतो. पहिल्यास दोष देण्याचें कारण नाहीं, त्याच्याही हातून वस्तु जपली जाते. परंतु न उघडलेल्या डबींत तबकडी सडली आहे कीं शाबूत आहे, हें त्याचें त्यालाच कळत नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या मंडळींनीं काय साधतें ह्याचा दाखला मुंबईंत आहे. तेथें 1990 सालीं ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांनीं आपली एक संस्था काढली. भंगारांतून आणि जुन्या बाजारांतून मिळविलेल्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या त्यांनीं एकमेकांस ऐकविल्या, याद्या केल्या, लेख लिहिले. रंगभूमीवरील व बैठकींतील जुन्या गवयांचे आवाज आज अभ्यासकांस मिळतात, ते बऱ्याच अंशीं अशा खासगी कपाटांच्या कृपेनें. लाखेच्या तबकडीचें जें झालें तेंच चकचकीत तबकडीचें व्हावयाचें आहे. फरक इतकाच कीं या खेपेस जागें होण्यास अजून वेळ आहे.

ह्यासाठीं मोठी संस्था किंवा मोठा पैसा लागत नाहीं. घरच्या तबकड्यांची एक वही करावी. तींत चित्रपटाचें वा नाटकाचें नांव, प्रकाशक, डबीवर छापलेलें वर्ष, मिनिटें आणि भाषा एवढें टिपावें. एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींच्या मिनिटांत फरक दिसला, तर दोन्ही ठेवाव्यात. शेजाऱ्यांच्या वह्या एकत्र आल्या म्हणजे कोणती प्रत एकट्याच घरीं उरली आहे हें आपोआप ध्यानांत येईल. मुकुंदवाडीच्या गल्लींतून भंगारवाला हांक देत जाईल तेव्हां त्याला रद्दी द्यावी, फुटकीं भांडीं द्यावींत. तबकड्यांचा गठ्ठा मात्र त्या वहीशीं ताडून पाहिल्याखेरीज उंबऱ्याबाहेर जाऊं देऊं नये.