छंदाचा परवाना

लिनक्सचा इतिहास चाळताना मी आज्ञावलीपेक्षा तिच्या परवान्यापाशी अधिक रेंगाळलो. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स घरच्या संगणकावर मिनिक्स वापरत होता. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अध्यापनासाठी रचलेली ही कार्यप्रणाली त्याला अपुरी वाटू लागली. २५ ऑगस्टला त्याने जाहीर केले, की आपण छंद म्हणून नवी प्रणाली लिहीत आहोत. सप्टेंबरात सुमारे दहा हजार ओळींची पहिली आवृत्ती त्याने खुली केली; मात्र वाटपासाठी पैसे घेण्यास मनाई होती. मग फ्लॉपीचा खर्च कोण सोसणार? १९९२ मध्ये त्याने ती अट काढून रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना स्वीकारला : विका, बदला, पण बदललेले वाटाल तर त्याची मूळ आज्ञावलीही द्या. लिनक्सच्या प्रसाराचे श्रेय मी त्या विद्यार्थ्याच्या बुद्धीइतकेच, मूठ सैल करण्याच्या या निर्णयालाही देतो.