मूर्तिजापूरची गाडी, परळची पायरी

सन 1954 चा हिवाळा. यवतमाळच्या लहानशा रेल्वे स्टेशनावर तुम्ही मायला घेऊन उभे आहात. पहाटेचा गारठा अंगाला झोंबतो आहे. मायने लुगड्याचा पदर गालावरून ओढून घेतला आहे, थंडीसाठी आणि गाठ झाकण्यासाठीही. उन्हाळ्यात गालाच्या आत एक छाला आला होता. तंबाखू-चुन्याने तोंड पोळलं असेल, असं घरात सगळे म्हणाले. पोळ्यापर्यंत तिला भाकर चावता येईना. मग जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आत बोट घालून पाहिलं, हात धुतले आणि एक चिठ्ठी लिहिली: टाटा हॉस्पिटल, परळ, मुंबई.

मुंबई तुमच्या राज्यातसुद्धा नाही. यवतमाळ अजून मध्य प्रदेशात आहे, राजधानी नागपूर. तुमच्या कनवटीला दोन वेच्यांच्या कापसाचे पैसे आहेत आणि उरलेला कापूस अडत्याला आधीच लिहून दिला आहे.

गाडी हलते. अरुंद रुळांची ही गाडी 1903 पासून इथला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर नेऊन टाकते. मालक किलिक निक्सन ही विलायती कंपनी, इंजिन मँचेस्टरचं. पुढे लोक हिला शकुंतला म्हणतील. दारव्हा, कारंजा करत सव्वाशे किलोमीटरच्या आतलं अंतर ती अख्खा दिवस खाईल असं वाटतं. रुळांच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी उभी आहे आणि बायका ओटीत कापूस वेचताहेत. माय खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहते. आज ती स्वतः वावरात असायची.

समोरच्या बाकावरचा म्हातारा बराच वेळ तुमच्याकडे पाहतो, मग विचारतो, “कुठं जाता जी?”

“मायले घेऊन मुंबईले. गालात गाठ हाय.”

“राहान कुठं तिथं?”

या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीत रोगाचं नाव लिहिलं, दवाखान्याचं लिहिलं. रात्री पाठ कुठे टेकायची ते कुणीच लिहिलं नाही. म्हातारा मान हलवतो. “मूर्तिजापूरले बाबाच्या धर्मशाळेत उतरजा. तिथं इचारजा. पैसे नाई मागत कोणी.”

मूर्तिजापूरची ही धर्मशाळा गाडगेबाबांनी 1925 च्या सुमारास उभी केली, गोरक्षणाच्या कामासोबतच. याच तालुक्यातलं दापुरे हे त्यांच्या मामाचं गाव. बाप दारूपायी गेल्यावर लहानगा डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, इथेच वाढला, इथेच त्याने गुरं राखली, नांगर धरला आणि सावकाराच्या कागदावर मामाची जमीन कशी जाते तेही पाहिलं. आजारपणात घर कसं विकलं जातं, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. 1905 च्या फेब्रुवारीत त्यांनी घर सोडलं आणि हातात खराटा घेतला.

आज बाबा इकडेच आहेत, असं धर्मशाळेत कळतं. मायला ओसरीवर निजवून तुम्ही पटांगणात जाता. बत्त्यांच्या उजेडात माणसांचा समुद्र बसला आहे, बैलगाड्या मागे सोडलेल्या. पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक काटक म्हातारा उभा आहे. अंगात ठिगळांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच. ज्या पटांगणात तुम्ही बसला आहात ते दिवसा त्यांनीच झाडलं, असं शेजारचा माणूस सांगतो.

कीर्तन म्हणजे तुम्ही आजवर ऐकलं तसं काही नाही. ते प्रश्न विचारतात, लोक ओरडून उत्तर देतात, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो, आणि चार प्रश्नांनंतर बसलेल्यांना कळतं की आपण आपल्याच तोंडाने आपली चूक कबूल केली. कर्ज काढून तेरवी कोण घालतो? बोकड कापून कुणाचं पोर बरं झालं? पोराला शाळेत न घालता कुणाचं भलं झालं? बोली सारी वऱ्हाडी. मागे टाळ वाजतो आणि हजार गळे गोपाळाचं नाव घेतात.

मग पैसे येतात. बायका पदराची गाठ सोडतात, कुणी आणा देतं, कुणी रुपया, एखादा जीनवाला शेठ नोटांची चळत पुढे करतो. बाबा त्याला हात लावत नाहीत. पैसा संस्थेच्या माणसांकडे जातो, वहीत चढतो. दोन वर्षांपूर्वी, 8 फेब्रुवारी 1952 ला, या सगळ्या कामासाठी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झालं आहे. स्वतःच्या बायकापोरांना बाबांनी या मालमत्तेत कसलाच वारसा ठेवलेला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, तीही अशीच, मागे दोरी न ठेवता. देणगी गोळा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पैशापासून इतकं दूर उभं राहून इतका पैसा लोकांच्या कामी लावणारा माणूस दुसरा माझ्या माहितीत नाही.

तुमच्याही कनवटीकडे हात जातो. शेजारचा माणूस तो धरतो. “तुमी नका देऊ जी. तुमाले लागन.”

दुसऱ्या दिवशी मोठी गाडी, रात्रभरचा प्रवास आणि दादर. ट्राम परळवरून जाते. समोर टाटा हॉस्पिटलची सात मजली इमारत. तिची गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, पण ती मायच्या गोष्टीपेक्षा फार वेगळी नाही. 1931 मध्ये लेडी मेहरबाई टाटा वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. घरात जगातला सगळा पैसा होता आणि उपचारासाठी बायकोला परदेशी न्यावं लागलं, हे त्यांचे पती सर दोराबजींच्या मनाला लागलं. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या न्यासाने हे हॉस्पिटल उभारलं आणि 28 फेब्रुवारी 1941 ला ते रुग्णांसाठी उघडलं.

आतला डॉक्टर मायशी मऊ आवाजात बोलतो. गाठ मोठी आहे, उशीर झाला आहे. आधी किरणांचा शेक द्यावा लागेल, रोज, काही आठवडे. मग शस्त्रक्रियेचं बघू. औषधाने हा रोग हटवण्याचे दिवस अजून यायचे आहेत. 1954 मध्ये हाती आहेत ती सुरी आणि किरणं.

काही आठवडे! तुम्ही बाहेर पायरीवर येऊन बसता. या पायरीवर कोकणातला एक बाप आहे, खानदेशातली एक सासू-सून आहे, बिहारचा एक तरुण आहे. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या, सगळ्यांच्या शेजारी गाठोडी. शेकाला खर्च किती, हे ते एकमेकांना विचारत नाहीत. रात्री कुठे निजता, एवढंच विचारतात.

तुमच्याकडे मूर्तिजापूरहून आणलेला निरोप आहे. ट्रामने भायखळ्याच्या पुढे जायचं, जे. जे. हॉस्पिटलपाशी. तिथे याच वर्षी बाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली आहे. माय भिंतीला टेकून बसते. तुम्ही भाकर दुधात कुस्करून तिला भरवता. शेजारची बाई आपल्या पोराच्या औषधाची वेळ तुम्हाला विचारते, कारण तिच्याकडे घड्याळ नाही, तुमच्याकडेही नाही, पण भिंतीवरचं तुम्हाला वाचता येतं. पटांगणातल्या त्या आण्या-रुपयांची ही भिंत आहे. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मुंबई पाहिलेली नव्हती.

आता काळाच्या पुढच्या स्टेशनांवर भराभर चला. 20 डिसेंबर 1956: अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबा गेले. 11 ऑक्टोबर 1968: मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले, कर्करोगाने. ज्या खंजिरीने विदर्भ जागा केला ती धरणाऱ्या देहालाही या रोगाने सोडलं नाही. आज नागपुरातलं कॅन्सर रिलीफ सोसायटीचं कर्करोग रुग्णालय त्यांच्या नावाने चालतं आणि यवतमाळ, वणी, पुसदची माणसं पहाटेच्या एसटीने तिथे पोचतात.

आजाऱ्यांसाठी पैसा असा जमवणं फक्त इथलंच नाही, हे पाहायला एक उडी फार लांबची घ्या. जानेवारी, अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, ब्रेनर्ड गावाजवळचं गल लेक. तळं इतकं गोठलं आहे की त्यावर मोटारी चालतात. बर्फात हजारो भोकं पाडली आहेत आणि प्रत्येक भोकाशी एकेक माणूस गळ सोडून बसला आहे. मोठा मासा लागला तर बक्षीस, न लागला तरी तिकिटाचे पैसे धर्मादाय कामाला. 1990 च्या दशकापासून हा मेळा भरतो. तिकडच्या थंड मुलखात कर्करोगाच्या रुग्णांसाठीही असे बर्फावरचे मेळे होतात. ते पाहून मला परकं वाटत नाही. हिवाळ्यात माणसं उघड्यावर जमतात, आणि न पाहिलेल्या आजाऱ्यासाठी खिशात हात घालतात. आमच्याकडे त्या जागी कीर्तन होतं.

आणि आता आजच्या दिवसात या. शकुंतला बंद पडली आहे. दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा उभी आहे. टाटात उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे नाममात्र पैशात राहतात. जागा मात्र सगळ्यांना पुरत नाही. परळच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या कागदाखाली निजलेली कुटुंबं तुम्ही कुठल्याही रात्री जाऊन पाहू शकता. केमो घेऊन आलेला माणूस, ज्याला साधा सर्दीचा संसर्गही झेपत नाही, तो गटाराशेजारी झोपतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून आज कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा, शेकाचा, केमोचा खर्च मिळतो. ही मोठी गोष्ट आहे, तिचं मोल कमी लेखू नये. पण मायसोबत आलेल्या मुलाचं महिनाभराचं भाडं, त्याचं दोन वेळचं जेवण, बुडालेली मजुरी, गावाकडे न निंदलेलं वावर, हे या योजनेत बसत नाही. उपचार अर्धवट सोडून माणसं परत येतात ती बरेचदा याच पायी. रोगाची भीती त्यांना मुंबईपर्यंत नेते, शहराचा खर्च परत पाठवतो. दवाखान्याला यंत्र देणाऱ्या दात्याचं नाव संगमरवरावर कोरलं जातं. रुग्णाच्या पोराला भाकर देणाऱ्याचं कुठेच कोरलं जात नाही, म्हणून त्या कामाला दाते कमी पडतात. हे उलटं आहे, आणि ते आपणच सुलटं करू शकतो.

यवतमाळ जिल्ह्यात आजही तेरवीला गावजेवण होतं, कर्ज काढूनही होतं. गाडगेबाबा ज्या प्रश्नाने लोकांना गप्प करत तो प्रश्न अजून उभा आहे. तुमच्या घरी असा प्रसंग येईल तेव्हा पंगत निम्मी करा. उरलेले पैसे दादरच्या धर्मशाळेला पाठवा, किंवा नागपूरला शेकासाठी निघालेल्या आपल्याच गावच्या माणसाच्या हाती द्या, राहण्या-खाण्यासाठी म्हणून सांगून द्या. आणि घरात कुणाच्या तोंडातला छाला दोन आठवड्यांत भरला नाही, तर पोळ्याची वाट पाहू नका, दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या.