दुष्काळाचा हिशेब आणि तुकोबांचा देव

संकटकाळी माणूस देवाकडे वळतो, हे विधान इतके सर्वमान्य आहे की ते तपासून पाहण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही. तुकोबांविषयी तर ते हमखास केले जाते. दुष्काळ पडला, प्रपंच बुडाला, विरक्ती आली आणि विठ्ठल भेटला, अशी ती साखळी. शिकवायला ती सोयीची आहे; पण तुकोबांच्या स्वतःच्या निवेदनाशी ती पुरती जुळत नाही.

तो दुष्काळ 1629 ते 1632 या काळातला. दख्खन आणि गुजरात त्यात होरपळून निघाले. त्यातच मोगल आणि निजामशाही यांचे युद्ध चालू होते. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी 1630 च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे निघाला, तेव्हा वाटेवर पडलेल्या प्रेतांची त्याने नोंद केली. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ‘पादशाहनामा’त या दुष्काळाचे भीषण वर्णन करतो, त्याबरोबरच बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे उघडलेली अन्नछत्रे व दर सोमवारी वाटलेले 5,000 रुपये यांचीही नोंद ठेवतो. प्रवाशाने प्रेते पाहिली, दरबाराने दान मोजले. भुकेल्या घराच्या आतली नोंद मात्र देहूच्या एका वाण्याने अभंगांत करून ठेवली.

संतांनी विचारले म्हणून, काहीशा संकोचाने सांगितलेल्या आत्मचरित्रपर अभंगात तुकोबा घटना क्रमाने मांडतात. आईवडील गेले. दुष्काळाने द्रव्य आटले आणि मानही गेला. एक पत्नी अन्नासाठी टाहो फोडत मेली. धंद्यात तूट येऊ लागली आणि जिवाला लाज वाटू लागली. यानंतर आपण दर्शनाची, किमान सांत्वनाची अपेक्षा करतो. तुकोबा वेगळेच सांगतात. देवाचे देऊळ भंगले होते, ते दुरुस्त करावे असे मनात आले. मग एकादशीला कीर्तन सुरू केले. पण चित्ताला आधी अभ्यास नव्हता, हीही कबुली ते देतात. मग संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद मागे उभे राहून धरले. कवित्वाची स्फूर्ती यानंतरची.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आशा येथे आधी भावना म्हणून येत नाही. ती आधी हाताचे काम होते, मग दुसऱ्यांच्या शब्दांचे पाठांतर होते आणि फार उशिरा स्वतःचा उच्चार होते. ज्याचे घर कोसळले आहे, तो आधी देवाचे घर उभे करतो. देवाने आपल्याला सावरावे ही मागणी या टप्प्यावर ऐकूही येत नाही.

‘बरे झाले’ या उद्गाराने सुरू होणारा त्यांचा दुसरा अभंग याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. दिवाळे निघाले ते बरे, दुष्काळाने पीडले ते बरे, बायको कर्कशा मिळाली तेही बरे, अशी ही यादी ऐकून आजचा विद्यार्थी दचकतो, आणि ते दचकणे योग्यच आहे. दुष्काळ ही देवाची कृपा होती, असा सिद्धान्त त्यातून काढला तर तो भुकेने मेलेल्यांचा अपमान ठरेल. पण या अभंगाची घडण सिद्धान्ताची नाही. ती वाण्याच्या वहीची आहे. गेलेले धन, गेलेली गुरे, लोकांत झालेला अपमान, प्रत्येक तूट स्वतंत्रपणे मांडली आहे. देऊळ बांधताना लेकराबाळांची उपेक्षा झाली, हीसुद्धा बाब तुकोबा लपवीत नाहीत. ज्याला दुःख पुसून टाकायचे असते, तो ते असे कलमवार लिहून ठेवत नाही.

पुढे महिपतीने ‘भक्तविजया’त (1762) आणि ‘भक्तलीलामृता’त (1774) तुकोबांचे चरित्र रंगवले. कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची लोकप्रिय कथा परंपरेने जपली आहे. भक्ताच्या हाकेला देव तत्काळ धावून येतो, हा अशा चरित्रकथनाचा धर्मच असतो. गाथेतला देव इतका तत्पर नाही. त्याच्याशी भांडावे लागते, त्याला निष्ठुर म्हणावे लागते. कवित्वाचा निषेध होऊन वह्या बुडवाव्या लागल्यावर तर त्याच्या दारी धरणे धरून बसावे लागते.

धरणे हा शब्द तुकोबांचाच आहे. त्या काळी वसुलीसाठी धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत असे. दिवाळे निघालेला हा सावकार शेवटी एकाच ऋणकोच्या दारी जाऊन बसला. तेथून उठून न जाणे, एवढाच त्यांच्या आशेचा अर्थ होता. आणि दुष्काळाने सारे नेल्यावर तेवढेच त्यांच्या हाती उरले होते.