#थ्रेड : दोरी, डॉल्फिन आणि दांडगा कुत्रा

१/ दांडग्या कुत्र्याला फिरवायला निघालेला माणूस पुष्कळदा स्वतःच फरफटत जाताना दिसतो. अशा कुत्र्याला ओढ न घेता चालायला कसे शिकवावे, हा प्रश्न दोरीइतकाच जुना आहे. आज अनेक प्रशिक्षक त्याचे जे उत्तर देतात, ते मात्र काही दशकांपूर्वीचेच आहे. ज्याला दोरी बांधून शिकवता येत नाही, अशा एका प्राण्याचा त्यात मोठा वाटा आहे.

२/ सौदी अरेबियातील शुवेमिस आणि जुब्बा येथील कातळांवर शिकारी व त्यांचे कुत्रे कोरलेले आहेत. काही कुत्र्यांच्या मानेपासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत रेघ ओढलेली दिसते. ही दोरीच असावी आणि ही चित्रे ८ हजार वर्षांहून जुनी असावीत, असा अंदाज संशोधकांनी २०१७ साली मांडला.

३/ ग्रीक लेखक झेनोफनच्या नावावर असलेल्या शिकारविषयक ग्रंथात गळपट्ट्याचीही चर्चा आहे. पट्टा मऊ व रुंद असावा, म्हणजे केस घासले जाणार नाहीत; दोरीला हात अडकवण्यापुरता फास असावा; पट्टा आणि दोरी अखंड एकच नसावी. कुत्र्याच्या मानेची काळजी इतकी जुनी आहे.

४/ आधुनिक काळात या विद्येला शिस्तबद्ध रूप देणाऱ्यांत जर्मनीचे कोनराड मोस्ट अग्रणी होते. पोलीस अधिकारी असताना १९०६ पासून त्यांनी कुत्र्यांना शिकवले आणि १९१० साली त्यावर ग्रंथ लिहिला. कृती आणि तिचे फळ यांत क्षणाचेही अंतर नको, हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यांची साधने मात्र कठोर होती : काटेरी गळपट्टा आणि छडी.

५/ अमेरिकेत विल्यम कोहलर यांचे पुस्तक १९६२ साली आले. कुत्रा पुढे धावला, की प्रशिक्षकाने अचानक उलट दिशेने चालू लागायचे. लक्ष नसलेल्या कुत्र्याला साखळीचा हिसका बसे. कुत्री शिकत, हे खरे. पण त्याची किंमत मान मोजत असे. पट्टा ओढला गेल्यास कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, असे २००६ सालच्या एका अभ्यासात आढळले. छातीभोवतीच्या हार्नेसने तशी वाढ दिसली नाही.

६/ दुसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली. ज्या कृतीचे फळ समाधानकारक, ती पुन्हा घडते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोगांतून मांडले होते. बी. एफ. स्किनर यांनी हा विचार पुढे नेला. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या दांपत्याने १९४० च्या दशकात प्राणी शिकवण्याचा व्यवसायच थाटला.

७/ या तत्त्वाची खरी कसोटी पाण्यात लागली. डॉल्फिनला हिसका देता येत नाही. रागावले तर तो दूर पोहत जातो. १९६० च्या दशकात हवाईच्या ‘सी लाइफ पार्क’मध्ये कॅरन प्रायर डॉल्फिनना शिकवीत होत्या. हवी ती कृती घडताच शिट्टी आणि पाठोपाठ मासा, ही त्यांची रीत होती.

८/ १९८४ साली प्रायर यांनी ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक लिहिले. १९९० च्या दशकात शिट्टीऐवजी ‘टक्’ असा आवाज करणारे क्लिकर घेऊन ही रीत कुत्र्यांच्या प्रशिक्षणात पसरली.

९/ त्यामुळे मूळ प्रश्नच बदलला. कुत्रा ओढतो, माणूस मागे जातो आणि कुत्र्याला हवे ते झाड हुंगायला मिळते. म्हणजे ओढण्याचे बक्षीस माणूसच देत असतो! म्हणून दोरी ताणली की थांबायचे; ती सैल झाली की चालायचे; कुत्रा पायाशी असताना खाऊ द्यायचा. हे सुरुवातीला शांत जागी, काही पावलेच करायचे. नियम एकदाही मोडायचा नाही, कारण अधूनमधून मिळणारे फळ सवय अधिकच घट्ट करते.

१०/ हा वाद अजून मिटलेला नाही. हिसक्याचे समर्थक आजही आहेत. पण ४० किलोंच्या कुत्र्याशी रोज रस्सीखेच करणाऱ्याला एवढे तरी कळते, की ताकदीच्या खेळात कुत्रा हरेलच असे नाही. दोरी अपघात टाळण्यासाठी हातात हवीच. शिकवण्याचे काम मात्र तिच्यावर सोपवता येत नाही.